भातावरील कडा करपा रोगाचे जैविक नियंत्रण : शक्यता आणि मर्यादा

प्रस्तावना

भात हे कोकणातील व पूर्व विदर्भातील प्रमुख पीक होय. या पिकावरील रोगांचा विचार करताना बुरशीमुळे होणाऱ्या करपा रोगाचा उल्लेख सर्वप्रथम केला जातो. जिवाणूमुळे होणारा 'कडा करपा' मात्र पुष्कळदा त्याच्याच खात्यावर जमा होतो. दोन्ही नावांत 'करपा' हा शब्द समान असला तरी रोगकारक भिन्न, रोपात शिरण्याची वाट भिन्न आणि म्हणून उपायही भिन्न आहेत. बुरशीनाशक फवारल्याने कडा करपा हटत नाही. केवळ खर्च वाढतो. हा रोग जिवाणूजन्य आहे आणि जिवाणूंवर चालणारी औषधे शेतीत मोजकीच आहेत, या एका गोष्टीमुळे जैविक नियंत्रणाच्या प्रश्नाला विशेष महत्त्व प्राप्त होते.

या रोगाच्या भारतीय इतिहासाचे पहिले पान महाराष्ट्रात उघडते. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील खोपोली येथे १९५१ मध्ये हा रोग आढळला. त्याची शास्त्रीय नोंद श्रीनिवासन, तिरुमलाचार व पटेल यांनी १९५९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे १९६३ मध्ये बिहारमध्ये आणि १९७९ व १९८० या लागोपाठच्या दोन वर्षांत पंजाब-हरियाणाच्या भातपट्ट्यात या रोगाने साथीचे रूप धारण केले. बुटक्या, अधिक उत्पादन देणाऱ्या व नत्रखताला भरघोस प्रतिसाद देणाऱ्या वाणांचा प्रसार आणि या रोगाचा प्रसार हे एकाच कालखंडात घडले, हा निव्वळ योगायोग नव्हे. 'तायचुंग नेटिव्ह-१' हे त्या काळात गाजलेले वाण या रोगाला इतके सहज बळी पडते की, आजही प्रयोगांत रोगग्राही नमुना म्हणून त्याचाच वापर केला जातो.

प्रस्तुत लेखात या रोगाच्या जैविक नियंत्रणामागील तत्त्व, उपलब्ध पुरावा आणि प्रत्यक्ष वापरातील अडचणी यांचा विचार केला आहे.

रोगकारक आणि त्याची वाट

जपानमधील फुकुओका परिसरातील शेतकऱ्यांना हा रोग १८८४ पासून परिचित होता. आरंभी त्याचे खापर आम्लधर्मी जमिनीवर फोडले गेले. सकाळच्या प्रहरी रोगट पानांवर दिसणाऱ्या दुधाळ थेंबांत जिवाणूंचे पुंजके असतात, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लक्षात आले. १९२२ मध्ये इशियामा यांनी या जिवाणूचे नामकरण केले. आज तो 'झॅन्थोमोनास ओरायझी', उपप्रकार 'ओरायझी', या नावाने ओळखला जातो.

जैविक नियंत्रणाचे यशापयश या जिवाणूच्या प्रवेशमार्गावर अवलंबून असल्याने त्याकडे थोडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. भाताच्या पानाच्या टोकाशी व कडांना जलरंध्रे असतात. रात्री मुळांनी शोषलेले जादा पाणी त्यांवाटे थेंबाथेंबाने बाहेर पडते. पहाटे हेच थेंब काही अंशी परत आत शोषले जातात आणि त्यांच्यासमवेत पानावरील जिवाणूही आत जातात. दुसरी वाट जखमांची. वादळी पावसात पाने एकमेकांवर घासतात, लावणीच्या वेळी रोपे उपटताना मुळे तुटतात, काही ठिकाणी उंच वाढलेल्या रोपांचे शेंडे कापून लावणी केली जाते. या प्रत्येक प्रसंगी जिवाणूला दार उघडे मिळते. एकदा आत शिरल्यावर तो जलवाहिनीत वाढतो व पाण्याच्या प्रवाहाबरोबर पसरतो. पानाच्या कडांवरून नागमोडी रेषेत पिवळेपणा खाली उतरतो, नंतर पान वाळून गवती रंगाचे होते. कोवळ्या रोपांत जिवाणू मुळांतून शिरल्यास संपूर्ण रोपच कोमेजते. इंडोनेशियात या अवस्थेस 'क्रेसेक' म्हणतात व तोच शब्द शास्त्रीय वाङ्मयात रूढ झाला आहे.

निदानाची एक सोपी कसोटी येथे नमूद करावीशी वाटते. रोगट पान कापून त्याचे कापलेले टोक स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात बुडवून धरावे. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे पाण्यात उतरताना दिसल्यास रोग जिवाणूजन्य समजावा. सूक्ष्मदर्शक नसलेल्या शाळेतही हा प्रयोग करता येतो.

साधारणतः २५ ते ३४ अंश सेल्सिअस तापमान, हवेतील भरपूर आर्द्रता, नत्राची अधिक मात्रा व शेतात साचलेले पाणी ही रोगास पोषक परिस्थिती होय. पिकाच्या काढणीनंतर जिवाणू धसकटांत, बांधावरील काही तणांत व पाटाच्या पाण्यात तग धरतो. रोग तीव्र असल्यास उत्पादनात २० ते ३० टक्के घट येते आणि रोपावस्थेतच लागण झाल्यास नुकसान ५० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक होते.

आता जलवाहिनीचा मुद्दा पुन्हा लक्षात घ्यावा. रोगकारक रोपाच्या आतल्या नळ्यांत असताना बाहेरून फवारलेला उपकारक जिवाणू त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पानावर लक्षणे दिसू लागल्यावर जैविक घटक फवारणे म्हणजे चोर माजघरात शिरल्यानंतर अंगणाच्या बेड्याला कडी घालणे होय. या रोगाचे जैविक नियंत्रण हे प्रतिबंधाचे शास्त्र आहे, उपचाराचे नव्हे. ही गोष्ट शेतकऱ्याला सांगितली जात नाही आणि संशोधन-निबंधांतही क्वचितच स्पष्टपणे मांडली जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रतिजैविकांचा मार्ग का अरुंद होत आहे

गेल्या कित्येक दशकांत या रोगावर स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लीन यांचे मिश्रण आणि त्याच्या जोडीला कॉपर ऑक्सिक्लोराईड अशी शिफारस रूढ झाली. 'स्ट्रेप्टोसायक्लीन' या नावाने विकले जाणारे हे मिश्रण पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे उत्पादन म्हणून शेतकऱ्यांना ठाऊक झाले. खोपोलीच्या रोगाची नोंद करणाऱ्यांपैकी तिरुमलाचार यांचे प्रतिजैविकांवरील संशोधन याच संस्थेत झाले. रोगाची पहिली नोंद आणि त्यावरील रूढ औषध यांच्यात अंतर केवळ एका घाटाचे आहे!

परंतु स्ट्रेप्टोमायसीन हे मानवी क्षयरोगावरील औषध आहे व काही रुग्णांत त्याची गरज आजही भासते. शेतात ते पातळ प्रमाणात, मोठ्या क्षेत्रावर, पुनःपुन्हा फवारले असता माती-पाण्यातील असंख्य जिवाणूंवर निवडीचा दाब येतो आणि प्रतिकारक जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात जाण्याची शक्यता वाढते. कडा करप्याच्या जिवाणूचे स्ट्रेप्टोमायसीनला दाद न देणारे वाण चीनमध्ये आढळले आहेत. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आदेशाच्या मसुद्यात या दोन प्रतिजैविकांचा शेतीतील वापर १ जानेवारी २०२४ पासून पूर्णतः थांबविण्याचे प्रस्तावित करण्यात आले होते. तेव्हा या औषधाच्या आधारावर पुढील काळाची आखणी करणे शहाणपणाचे नाही.

उपकारक जिवाणू आणि त्यांची कार्यपद्धती

जैविक नियंत्रणासाठी अभ्यासले गेलेले जिवाणू मुख्यत्वे दोन कुळांतील आहेत : 'स्युडोमोनास फ्लुओरेसेन्स' व 'बॅसिलस'. यांखेरीज 'लायसोबॅक्टर'वर चीनमध्ये काम झाले असून भाताच्या पानावर निसर्गतः राहणाऱ्या 'अर्विनिया हर्बिकोला' या जिवाणूकडे मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी १९८०च्या दशकातच लक्ष वेधले होते.

स्युडोमोनासविषयीचा सर्वांत भक्कम भारतीय पुरावा त्याच विद्यापीठातून आलेला आहे. वेलुसामी, इमॅन्युएल व ज्ञानमाणिक्कम यांनी अमेरिकेतील थॉमाशॉ यांच्या सहकार्याने २००६ मध्ये 'कॅनेडियन जर्नल ऑफ मायक्रोबायॉलॉजी'त प्रसिद्ध केलेल्या निबंधात २७८ जिवाणूवाण तपासले. त्यांपैकी २७ वाण 'डायअसेटिलफ्लोरोग्लुसिनॉल' हे प्रतिजैविक द्रव्य तयार करतात असे आढळले. जाळीगृहातील व शेतातील प्रयोगांत रोगाचे प्रमाण ५९ ते ६४ टक्क्यांपर्यंत घटले. तथापि या निबंधाचे खरे महत्त्व टक्केवारीत नाही. संशोधकांनी त्याच जिवाणूचे असे उत्परिवर्तित वाण तयार केले की ज्यांना हे द्रव्य बनविता येत नव्हते, आणि त्या वाणांची रोग दडपण्याची क्षमता फार कमी झाल्याचे दाखविले. अमुक जिवाणू रोग कमी करतो, हे एक विधान. तो अमुक द्रव्यामुळे कमी करतो, हे दुसरे. दुसऱ्या विधानासाठी असाच पुरावा लागतो.

येथे एक शंका उपस्थित होते. हा जिवाणू मुळांभोवती राहतो. मग पानातील रोगावर त्याचा परिणाम कसा घडतो? याचे उत्तर दुसऱ्या कार्यपद्धतीत आहे. मुळांवर वसणारे काही जिवाणू संपूर्ण रोपाची संरक्षणयंत्रणा सज्ज करून ठेवतात. यास 'प्रेरित सर्वांगी प्रतिकार' म्हणतात. कोइमतूर येथील तामिळनाडू कृषी विद्यापीठात विद्याशेखरन व सहकाऱ्यांनी 'पीएफ-१' या वाणावर केलेले व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बियाणे, रोपांची मुळे व पाने यांवर या जिवाणूची प्रक्रिया केली असता पानांत संरक्षक विकरांची क्रियाशीलता व पेशीभित्तिकांतील लिग्निनचे प्रमाण वाढते. अशा रोपात शिरलेल्या रोगकारकाला जलद व तीव्र प्रत्युत्तर मिळते. लस आणि औषध यांत जो फरक आहे, तोच येथे लक्षात घ्यावयाचा आहे.

बॅसिलस कुळाचे बलस्थान वेगळे आहे. प्रतिकूल स्थितीत हे जिवाणू बीजाणू तयार करतात. त्यामुळे उष्णता व कोरडेपणा यांत ते दीर्घकाळ टिकतात. 'बॅसिलस'च्या 'एफझेडबी-४२' या सुपरिचित वाणातील 'डिफिसिडिन' व 'बॅसिलायसिन' ही दोन द्रव्ये कडा करप्याच्या जिवाणूची पेशीभित्तिका बिघडवितात, असे २०१५ मध्ये चिनी व जर्मन संशोधकांनी दाखविले. म्हैसूर येथील संशोधकांनीही २०११ मध्ये बॅसिलसच्या वाणांमुळे भातात प्रेरित प्रतिकार निर्माण होतो असे नोंदविले आहे.

पाठ्यपुस्तकांत जैविक नियंत्रणाचे आणखी एक तत्त्व हमखास दिलेले असते : लोहासाठीची स्पर्धा. उपकारक जिवाणू 'सिडेरोफोर' नावाची द्रव्ये सोडून मातीतील लोह बळकावतो व रोगकारकाची उपासमार करतो. गव्हाच्या किंवा बटाट्याच्या शेतासाठी हे विवेचन योग्य आहे. परंतु भाताच्या खाचरात पाणी साचल्यामुळे प्राणवायू संपतो, लोह विद्राव्य रूपात येते आणि त्याची टंचाई उरत नाही. काही जमिनींत तर त्याचा अतिरेक होतो. लोह मुबलक असताना जिवाणू सिडेरोफोर बनविण्याचे काम आवरते घेतात. म्हणून भाताच्या संदर्भात हे तत्त्व जसेच्या तसे उद्धृत करणे सयुक्तिक वाटत नाही. प्राणवायूचा प्रश्न तर स्युडोमोनासच्या अस्तित्वाशीच निगडित आहे. भाताची मुळे पोकळ ऊतींवाटे वरून प्राणवायू आणून मुळाभोवतीच्या चिखलात थोडा झिरपू देतात, त्या पातळ थरातच या जिवाणूला तग धरता येतो. कोरडवाहू शेतातून मिळविलेला वाण भातखाचरात निष्प्रभ ठरला तर नवल नाही. भाताच्याच मुळांवरून वेगळे केलेले वाण शोधण्यामागे हे कारण आहे.

जिवाणूभक्षी विषाणू

रोगकारक जिवाणूवर जगणारे विषाणूही भातखाचराच्या पाण्यात सापडतात. जपानमध्ये त्यांचा पहिला उपयोग नियंत्रणासाठी नव्हे, तर अंदाजासाठी झाला. पाण्यातील या विषाणूंची संख्या वाढली म्हणजे त्यांचे भक्ष्य असलेला रोगकारकही वाढला असणार, या तर्काने रोगाचे पूर्वानुमान केले जाई. ही कल्पना अतिशय साधी असून आपल्याकडे तिचा म्हणावा तसा विचार झालेला नाही. नियंत्रणासाठी विषाणू फवारताना मात्र सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे ते काही तासांतच निष्क्रिय होतात. त्यावर उपाय म्हणून सायीविरहित दुधाच्या भुकटीत मिसळून, सायंकाळी फवारण्याचे प्रयोग इतर पिकांत झाले व कोरियात भातावरही असा प्रयत्न झाला. शिवाय विषाणूची निवड फार काटेकोर असते. रोगकारकाच्या एका वाणावर चालणारा विषाणू शेजारच्या वाणावर चालेलच असे नाही.

प्रत्यक्ष वापर

स्युडोमोनासची टाल्कमधील, म्हणजे शंखजिऱ्याच्या पुडीतील, भुकटी बाजारात उपलब्ध आहे. तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार बियाण्यास किलोमागे १० ग्रॅम, रोपांची मुळे बुडविण्यासाठी हेक्टरी २.५ किलो, लावणीनंतर ३० दिवसांनी तेवढीच भुकटी शेणखतात मिसळून जमिनीत व त्यानंतर ०.२ टक्के द्रावणाची फवारणी असा क्रम आहे. या क्रमातील पहिल्या दोन पायऱ्या सर्वाधिक महत्त्वाच्या आहेत. कारण लावणीच्या वेळी मुळे तुटतात व रोगकारकाचे दार उघडते, नेमके तेव्हाच उपकारक जिवाणू तेथे आधी पोहोचलेला असतो. प्रत्यक्षात शेतकरी या दोन पायऱ्या वगळून थेट फवारणीकडे वळतो. लावणीच्या धांदलीत, मजुरांची वाट पाहत असताना, रोपांच्या जुड्या अर्धा तास द्रावणात बुडवून ठेवणे हे कागदावर लिहिण्याइतके सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

कोकणातील राबाच्या पद्धतीशी या उपायाची सांगड घालणे आवश्यक आहे. पालापाचोळा, कवळ व शेण पसरून रोपवाटिकेची जागा भाजली जाते. त्यामुळे तणांचे बी व काही रोगजंतू नष्ट होतात. पण वरच्या थरातील हितकारक सूक्ष्मजीवांची संख्याही घटते. अशा जागेत जिवाणूप्रक्रिया केलेले बी पेरल्यास नवागत जिवाणूला स्पर्धा कमी राहते. भुकटी राबापूर्वी जमिनीत मिसळणे मात्र सर्वथा व्यर्थ होय.

याच शेतात ताम्रयुक्त औषध किंवा प्रतिजैविक फवारले तर तेही जिवाणूनाशक आहे, याचा विसर पडतो. एकाच पंपात 'जैविक' व 'रासायनिक' मिसळण्याची प्रथा म्हणजे स्वतः पैसे देऊन आणलेले जिवाणू स्वतःच मारणे.

ताज्या शेणाच्या निवळीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम शेण मिसळून, गाळून फवारावे, अशी शिफारस तामिळनाडू कृषी विद्यापीठाने कडा करप्यासाठी केलेली आहे. शेण हे सूक्ष्मजीवांचे भांडारच असल्याने त्यात परिणामकारक वाण असणे स्वाभाविक आहे. परंतु प्रत्येक गोठ्यातील शेण सारखे नसते. या उपायाची थट्टाही नको आणि आरतीही नको. त्यातील कोणता जिवाणू कार्य करतो याचा शोध हवा.

रोगप्रतिकारक वाण हा जैविक नियंत्रणाचा स्पर्धक नसून आधार आहे. हैदराबाद येथील भात संशोधन संचालनालय व पेशीय आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र यांनी सांबा मसुरी या लोकप्रिय वाणात 'एक्सए-२१', 'एक्सए-१३' व 'एक्सए-५' ही तीन जनुके आणून सुधारित वाण २००८ मध्ये प्रसारित केले. जेथे असे वाण उपलब्ध आहे व शेतकऱ्याला रुचते, तेथे पहिला मान त्यालाच द्यावा. जैविक घटकांची खरी गरज चव, सुवास किंवा बाजारभाव यांसाठी जपल्या जाणाऱ्या, रोगास बळी पडणाऱ्या स्थानिक वाणांना आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांपुढील काम

पदव्युत्तर प्रकल्पांत हा विषय वारंवार निवडला जातो. बहुतेक प्रकल्प एका साच्यातले असतात : मातीतून जिवाणू वेगळा करणे, तबकडीत रोगकारकासमोर वाढविणे, भोवतालच्या मोकळ्या वलयाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजणे आणि 'हा जिवाणू प्रभावी जैविक नियंत्रक आहे' असे जाहीर करणे. हे वलय केवळ एवढेच सांगते की, साखर व प्रथिनांनी समृद्ध माध्यमात या जिवाणूने एक द्रव्य तयार केले. मुळावर, चिखलात, पावसात तो तसे करील की नाही हे त्यातून कळत नाही. उलट प्रेरित प्रतिकार निर्माण करणारा उत्तम जिवाणू तबकडीत कोणतेही वलय न दाखविता पहिल्याच चाळणीत बाद होतो. अशी किती वाणे टाकून दिली गेली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

याहून पुढची पायरी खर्चिक नाही. कुंड्यांत वाढविलेल्या भाताच्या पानांची टोके रोगकारकाच्या द्रावणात बुडविलेल्या कात्रीने कापावयाची व १४ दिवसांनी करपलेल्या भागाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावयाची, ही पद्धत कॉफमन व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दिली असून ती जगभर वापरली जाते. त्यासाठी कात्री, मोजपट्टी व शेतापासून दूर असलेली बंदिस्त जागा पुरते. प्रयोगानंतर रोपे व माती निर्जंतुक करणे मात्र अनिवार्य आहे. निवडलेल्या जिवाणूची ओळख निश्चित करणे तितकेच अनिवार्य आहे. 'स्युडोमोनास एरुजिनोसा' किंवा 'बर्खोल्डेरिया सेपेसिया' गटातील जिवाणू तबकडीत देखणे वलय देतात. पण ते दुर्बल रुग्णांत गंभीर संसर्ग घडवितात. असा जिवाणू अनवाणी पायांनी चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती देणे कदापि योग्य नाही.

याखेरीज एक प्रकल्प कोणत्याही जिल्ह्यातील महाविद्यालयास तात्काळ हाती घेता येईल. स्युडोमोनास बीजाणू तयार करीत नसल्याने टाल्कमधील त्याच्या जिवंत पेशी महिन्यागणिक घटतात, आणि दुकानाच्या पत्र्याखाली वैशाखात ही घट अधिक वेगाने होते. पाकिटावर उत्पादनाची तारीख व पेशींची संख्या छापलेली असते. ज्येष्ठात, म्हणजे शेतकरी ज्या वेळी खरेदी करतो त्याच वेळी, तालुक्याच्या दुकानांतून अशी पाकिटे विकत आणून, किंग यांच्या 'बी' माध्यमावर विरळ द्रावणे पसरवून, दोन दिवसांनी अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या वसाहती मोजाव्यात. छापील आकडा आणि मोजलेला आकडा शेजारी शेजारी ठेवून तो तक्ता दुकानाच्या नावाविना, महिना व साठवणीची स्थिती नोंदवून, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवावा.